दोन धारांमधला दिवस

आक्का गेली त्या सकाळी मी राजारामपुरीतल्या घरी चहा गाळत होते. फोन रूपालीचा, म्हणजे आक्काच्या सुनेचा. ती रडत नव्हती, नुसती धापा टाकत होती. "मावशी, आत्ती गेल्या वो... मी डेअरीला दूध घालून येतोय तवर..." फोन तसाच चालू, आणि मागून म्हशीचं हंबरणं. नंतर कळलं ते असं. सकाळची धार काढून रूपाली घरात आली तेव्हा आक्का जागी होती. "झाली का धार?" तिनं विचारलं. झाली म्हटल्यावर, "रेडकाला ठेवलीस न्हवं?" हे विचारलं. ठेवली म्हटल्यावर गप्प झाली. रूपाली किटली घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत गेली, रांगेत उभी राहिली, परत आली, तोवर आटोपलं होतं. जाताना माणसानं देवाचं नाव घ्यावं म्हणतात. आमच्या आक्कानं रेडकाची चौकशी केली. भेटायला आलेल्या बायका हे ऐकून डोळ्याला पदर लावत होत्या, आणि मला मात्र राग येत होता. अजून येतो. कारण तिचं एक काम माझ्याकडे होतं, ते राहिलं, आणि ते राहायला दुसरं तिसरं कुणी नाही, तीच कारण होती.

आक्का माझी थोरली बहीण. मी शाळेत गेले तेव्हा तिचं लग्न होऊन ती कोडोलीला नांदत होती. मी शिकले, कोल्हापुरात शिक्षिका झाले, जन्मभर फळ्यावर सह्याद्रीच्या रांगा काढल्या. ती म्हशीत राहिली. दाजी गेल्यावर शेत मुलानं बघितलं, म्हशी मात्र तिच्याच. त्या दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडायच्या नाहीत. सून बसली तर पाय झाडायच्या, मुलगा बसला तर दूध वर चढवून घ्यायच्या. हे ती तक्रारीनं सांगायची, पण सांगताना चेहऱ्यावर जो तोरा असायचा तो मला ओळखू यायचा. एरवी तिचं बूड एका जागी म्हणून टेकत नसे. जेवायला बसली तर दोनदा उठायची, कुणाच्या लग्नात गेली तर अक्षता पडायच्या आधी चपला शोधायची. तिला सगळीकडे जायचं असे आणि गेलं की लगेच निघायचं असे. निवांत अशी ती एकाच ठिकाणी बसायची, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून.

मी निवृत्त झाले आणि एक छोटी गाडी घेतली. उतारवयात चालवायला शिकलेली बाई म्हटल्यावर आमचे हे काही शेजारी बसायला तयार होईनात. "मला अजून जगायचंय," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. मग मी कोडोली गाठली. आक्काला म्हटलं, चल, पन्हाळ्याला जाऊ. तर ती म्हणाली, "पन्हाळा काय बघायचा? धा येळा गेलोय की." गेली होती खरी, पण तहसील कचेरीत. सातबारा, वारसनोंद, कसले कसले दाखले, त्यासाठी ती बसनं वर जायची, रांगेत उभी राहायची आणि मिळेल त्या गाडीनं धारेला परत. जन्मभर गडाच्या पायथ्याशी राहून तिनं तीन दरवाजा पाहिला नव्हता. पहिल्यांदा त्या कमानीखाली उभी केली तेव्हा मला वाटलं, आता काही बोलेल. दगडावर हात फिरवून ती म्हणाली, "हितं वारं बरं येतंय." आणि पलीकडच्या उताराकडे बघून, "आणि गवत बघ कसलं हाय!"

विळा तिनं पिशवीत आणलाच होता. मी तीन दरवाजाचा इतिहास सांगायला तोंड उघडलं तोवर बाई उतारावर वाकून सपासप कापायला लागल्या होत्या. झुणका-भाकर विकणाऱ्या बायका बघून हसल्या, मग त्यांतली एक पुढे होऊन भारा बांधू लागली. माझ्या नव्या कोऱ्या गाडीच्या डिकीत पन्हाळ्याचं ओलं गवत गेलं. मी चिडले तर आक्का म्हणाली, "आपण हिंडायचं आणि म्हशीनं दावणीला नुसतं उभं ऱ्हायाचं व्हय? तिला काय तरी न्ह्यायला पायजे की." त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. जिथं जाऊ तिथला एक भारा. म्हशीनं पन्हाळा खाल्ला, भुदरगड खाल्ला, सामानगडाच्या तटाखालचं गवत तर तिला इतकं आवडलं म्हणे की आक्का महिनाभर त्याचं कौतुक सांगत होती. उन्हाळ्यात गवत नसलं की गडहिंग्लजकडच्या ऊसतोडीतून वाढं, उसाचे हिरवे शेंडे, मागून घ्यायची. माझ्या गाडीला गोठ्याचा वास लागला तो लागलाच. विळा पिशवीतून डिकीत राहायला आला.

आमच्या हिंडण्याला एक हद्द होती आणि ती नकाशावर नव्हती. सकाळची धार झाल्यावर निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला कोडोलीत हजर. एवढ्या वेळात जे बसेल तेच आमचं जग. आक्का घड्याळ बघत नसे. आपली सावली बघायची. सावली पायातून सरकून पुढे पडायला लागली की तिचं चित्त उडायचं. मी सामानगडावरच्या विहिरीच्या पायऱ्या उतरत असायची, जांभ्या दगडात कोरलेल्या, थंडगार, आणि वरून हाक यायची, "शालू, चल गं, म्हस वाट बघाय लागली." भुदरगडावर एवढा मोठा तलाव, दुधट पाणी, पलीकडे देऊळ. मला तासभर नुसतं बसायचं होतं. ती काठानं एक फेरी मारून आली, म्हणाली, "हितं म्हशी सोडल्या तर परत घराकडं बघायच्या न्हाईत," आणि गाडीशी जाऊन उभी राहिली. मी कधीकधी मुद्दाम उशीर करायची. मग ती नुसती गाडीचं दार उघडायची आणि लावायची, उघडायची आणि लावायची.

गगनबावड्याला तर मला तिची दयाच आली होती. गावाच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात, दोन्ही कोकणात उतरणारे. आम्ही कड्याशी उभ्या होतो, खालून धुकं वर चढत होतं. "खाली काय हाय?" तिनं विचारलं. कोकण, म्हटलं. "मग जाऊ की." मी म्हटलं, आणि धार? ती थोडा वेळ त्या वळणाकडे बघत राहिली. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली. प्रत्येक ठिकाणी असं एक "ऱ्हाऊ दे" असायचं. पळसंब्याच्या ओढ्यातली लेणी लांबून बघितली, जवळ गेलो नाही. राधानगरीचं धरण पाहिलं, पलीकडचा घाट राहिला. दाजीपूरच्या वाटेवर मात्र तिनं सावलीची पर्वा केली नाही, कारण भांडणात वेळ गेला. तिनं रस्त्याकडेचं गवत कापायला घेतलं आणि जंगलखात्याचा एक पोरगेला रक्षक मोटारसायकलवरून उतरला.

"ओ आज्जी, अभयारण्य हाय हे. गवत कापायचं न्हाय हितं."

"का रं बाबा? तुझे गवे खात्यात ते चालतंय. माझ्या म्हशीनं काय घोडं मारलंय?"

तो हसला, पण बधला नाही. भारा सोडून ठेवावा लागला. "ठेव तुझ्या गव्यांस्नी," म्हणाली आणि कोडोलीपर्यंत गाल फुगवून बसली. गोठ्यात शिरताना मला विचारते कशी, "आता हिला काय सांगू?" मी म्हटलं, सांग, जंगलखात्यानं जप्त केलं. तिला त्याचं हसू आलं नाही.

आजरा ही आमची शेवटची सीमा. त्यापुढे गेलं तर धार चुकलीच. एकदा रामतीर्थावर नदीच्या दगडांवर बसून आम्ही शिदोरी सोडली होती. हिरण्यकेशी धबाबा कोसळत होती, मागे जुनी देवळं. शेजारी चंदगडकडची एक बाई जेवायला बसली होती. बोलता बोलता म्हणाली, आमच्या पारगडावरनं दिवस बुडताना बघावा, पार समुद्रात जातोय असं वाटतंय. आक्काचा घास हातात राहिला. मग परतीच्या वाटेवर, उत्तूरच्या आसपास असेल, ती एकदम म्हणाली, "शालू, मी जन्मात दिवस मावळताना बघितला न्हाय." मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाली, "खरंच की. मी धारंला बसतो तवा दिवस असतोय. उठतो तवा गेल्याला असतोय. मधी मी म्हशीच्या पोटात डोस्कं घालून असतोय. कवा बघू?" मी गाडी चालवत होते. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. सत्तरीला आलेली बाई, डोळे धड, आणि सूर्यास्त पाहिला नाही! मी तिथल्या तिथे ठरवलं, हिला पारगडावर नेणार. एक दिवस तरी ही धार चुकणार.

त्याला दोन वर्षं गेली. दोन म्हशी विकल्या, कारण गुडघे ऐकेनात. उरली एकटी मोरी म्हैस. ती गाभण राहिली, आटली, आणि मी कोडोलीला जाऊन आक्काचा हात धरला. आता तर काढायला धारच नव्हती. वैरणपाणी रूपाली बघणार होती. आक्काला कुठलं कारण उरलं नाही, तरी ती तीनदा गोठ्यात जाऊन आली तेव्हा कुठे गाडीत बसली. मार्गशीर्षातली थंडी होती. आजरा मागे पडला तशी ती खिडकीला चिकटली. "आता हे कुठलं गाव? ह्यो कुठला डोंगर?" लहान मुलासारखं विचारत होती. पारगड हा अजून नांदता गड आहे. महाराजांनी गड राखायला जी माणसं बसवली, त्यांच्याच पिढ्या तिथं राहतात. अंगणं सारवलेली, देऊळ, पाण्याची तळी. एका घरात आमची राहायची सोय झाली होती. खोलीची खिडकी पश्चिमेला. जेवण झालं, मी पाय पसरले, आणि फार दिवसांनी मला सुखाचं वाटलं. आज कुणी हाक मारणार नव्हतं.

पण सावली सरकली. आक्का उठली, तटाकडे गेली, परत आली. पाणी प्याली. पुन्हा गेली. पदराला हात पुसत होती, कोरडेच हात. "शालू, किती वाजलं?" जिनं जन्मात घड्याळ विचारलं नाही तिनं हे विचारलं तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"म्हस हंबरत असंल," ती म्हणाली.

"आटलीय ती, आक्का!"

"मला ठावं हाय की. पर उभी असंल न्हवं वाट बघत."

"तिथं पोचेपर्यंत ती झोपलेली असेल. आता थोडा वेळ. एवढ्यासाठी आलोय ना आपण?"

"तू थांब," ती म्हणाली. "मी जातो." आणि पिशवी उचलून चालत गाडीकडे गेली. जणू पारगडाहून कोडोलीला ती चालतच पोचणार होती. दार उघडणं, लावणं सुरू झालं. मी तिच्यावर ओरडले. गडावरची माणसं अंगणात येऊन बघत उभी राहिली इतकी ओरडले. घरमालकीण बिचारी चहाचं आधण उतरवून आली, "पावणं, र्‍हावा की वो," म्हणत राहिली. आक्का मान खाली घालून आत बसली होती. शेवटी निघालो. आमचं तोंड पूर्वेला. घाटातल्या वळणांवर समोरच्या आरशात सूर्य दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा, लालबुंद, खाली खाली गेलेला. माझा राग तेवढ्यात निवला. मी म्हटलं, "आक्का, आरशात तरी बघ गं. मावळतोय." ती म्हणाली, "तू रस्ता बघ."

चैत्रात मोरी व्याली. पावसाळ्यात आक्का आजारी पडली. कोल्हापुरातल्या इस्पितळात तिला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आणि खिडकी नेमकी पश्चिमेची. मी रोज जात होते. पहिल्याच दिवशी मी पडदा सारला, "बघ, आता कुठे पळशील?" ढग जरा फाकले होते, समोरच्या कारखान्याच्या छपरामागे सूर्य गेला. आक्का बघत होती. "ह्ये कसलं मावळणं," म्हणाली. "पत्र्यामागं गेला नुसता." तिकडे कोडोलीत मोरीनं रूपालीला दाद देणं बंद केलं होतं. फोन यायचा, रूपाली रडकुंडीला आलेली. आक्कानं पडल्या पडल्या सांगितलं, "माझं गोठ्यातलं जुनेर हाय न्हवं खुंटीला? ते अंगावर घे आणि बस. बोलू नगं. वासानं सोडंल ती." हिरवं, विटलेलं, शेणा-दुधाचा वास मुरलेलं ते लुगडं. रूपालीनं ड्रेसवरून ते गुंडाळलं, डोक्यावरून घेतलं, आणि म्हशीनं पान्हा सोडला. हे ऐकून आक्काला बरं वाटलं असेल असं मी धरून चालले. पण त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिचा हात हातात घेतला. जरा वेळानं तिची बोटं माझ्या बोटांभोवती वळली, अंगठा आत दुमडून, आणि एका लयीत दाबायला लागली. वरून खाली, वरून खाली. डोळे मिटलेले. मी हात काढून घेतला नाही. खिडकीबाहेर काय झालं ते मी पाहिलं नाही.

तिला घरी नेलं, आणि पंधरा दिवसांत ती सकाळ आली.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. आणि मला घरात बसवेना. रविवार आला की मी सकाळी चावी हातात घेऊन उभी. आमचे हे म्हणाले, "जा कुठं जायचं तिथं, पण घरात येरझाऱ्या घालू नको." मागच्या रविवारी निघाले. ठरवलं होतं, पारगड; रूपालीला फोनवर तसं सांगितलंही होतं. त्याच घरात राहायचं, त्याच खिडकीशी बसायचं आणि तिच्या वाटचा दिवस शेवटपर्यंत मावळताना बघायचा. गडावर फोन केला तर घरमालकीण म्हणाली, "त्या मोठ्या बाई येणार न्हाईत का?" मी नाही एवढंच म्हटलं. एकटीनं गाडी चालवायची सवय नव्हती. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवली होती ती वळणावर घरंगळायची. आजऱ्यापाशी रामतीर्थावर थांबले, डबा काढला, खाल्ला नाही. नदीच्या वरच्या अंगाला गवत उभं होतं, कार्तिकातलं, अजून हिरवं. मी डिकी उघडली. विळा तिथंच होता. मला कापता येत नाही, बोटं कापून घ्यायची हौस तेवढी. तरी कापलं. भारा बांधायला जमेना, ओढणीनं बांधला, डिकीत टाकला.

आणि उभी राहिले तर माझी सावली पायातून सरकून पुढे पडली होती. का ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे पारगड होता, सांगून ठेवलेली खोली होती, तिच्यासाठी बघायचा सूर्यास्त होता, त्याच्यासाठीच तर आले होते. पण पाय गाडीकडे वळले. एकदा गाडीत बसले, उतरले, पुन्हा बसले. दार उघडलं, लावलं. मग गाडी वळवली आणि जी सुटले ती उत्तूर, निपाणी, कागल, कुठे पाणी प्यायलाही थांबले नाही.

कोडोलीत पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. गोठ्याच्या दारात आले आणि पाय थबकले. आत मोरीच्या पोटाला डोकं टेकून आक्का बसली होती. पाठ माझ्याकडे, तेच विटलं हिरवं लुगडं, डोक्यावरून घेतलेलं, कोपरं हलत होती. किटलीत दूध पडल्याचा आवाज. मी "आक्का" म्हटलं की नुसतं मनात म्हटलं, माहीत नाही. रूपालीनं मान न वळवता हात वर केला, बोलू नका, म्हणून. मी भारा हळूच गव्हाणीत सोडला आणि खांबाला टेकून उभी राहिले. मोरीनं वास घेतला, खायला लागली. आम्ही तिघी तशाच. धार संपली, रूपालीनं रेडकू सोडलं, लुगडं काढून घडी न घालता खुंटीला अडकवलं, आणि आम्ही बाहेर आलो. दिवस गेला होता. पन्हाळ्याच्या अंगाला थोडी लाली उरली होती.

"मावशी, तुम्ही पारगडला गेलतासा न्हवं?" रूपालीनं विचारलं. "बघितला का दिवस मावळताना?"

"न्हाय गं," मी म्हटलं. "धारंची येळ झाली."